सासूच्या हातात म्यूट

वहिनीचा आवाज परत आला, पण गेला होता तो आला नाही. घशाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला कितीतरी आठवडे तोंडातून अक्षर काढू दिलं नव्हतं. घरात पाटी आणि खडू आले. भाजी काय आणायची ते पाटीवर, नवऱ्याशी भांडण तेही पाटीवर, आणि भांडणाचा निम्मा जोर पाटी पुसण्यातच जायचा. पुढे आवाज फुटला तो बारीक, जरासा खरखरीत, कानाशी ऐकला तर जीव लावावा असा, पण चार पावलांवर गेला की विरून जाणारा. जिच्या वरच्या सुराने शेवटच्या रांगेत पेंगणारी माणसं दचकून उठायची, तिची स्वयंपाकघरातली हाक आता बाहेरच्या खोलीत पोचत नव्हती.

हे एखाद्या साध्या घरात घडलं असतं तर घराने देवाचे आभार मानले असते आणि विषय संपवला असता. पण हे घर म्हणजे अख्खा बँड होता. थोरला ड्रम्स वाजवायचा आणि सगळ्यांवर हुकूम गाजवायचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, गायची. आई कीबोर्डवर असायची. आयुष्यभर शाळेत संगीत शिकवलेली बाई, घरातल्यांना अजून विद्यार्थीच समजायची. आणि धाकटा मिक्सर सांभाळायचा. गिटार, बास आणि सॅक्सोफोनवाले तिघे बाहेरचे, पण इतकी वर्षं याच घरात जेवत आले होते की त्यांना बाहेरचं म्हटलेलं त्यांनाच खपत नसे.

मोठ्या सभागृहातला कार्यक्रम ठरला आणि सरावाच्या खोलीत, जुन्या गाद्या ठोकलेल्या त्या चार भिंतींत, थोरल्याने विषय काढला.

"आपल्याकडे तुझी जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत," तो बायकोला म्हणाला. "आवाज तुझाच. तो लावू. तू फक्त पुढे उभी राहा."

"आणि काय करू?"

"ओठ हलव."

वहिनीने माईकची वायर शांतपणे गुंडाळायला घेतली. "अहो, तो माझा आवाज होता. आता हा आहे. मी माझीच नक्कल करायला उभी राहणार नाही. हा ऐकू जात असेल तर गाईन. नाही तर पुन्हा स्टेजवर पाय ठेवणार नाही, कायमची घरी बसेन."

"आई, तू तरी सांग हिला."

आईने मान वर केली नाही. "घरी गावं की," ती म्हणाली. "चारचौघांत हसं कशाला करून घ्यायचं?"

वहिनीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते धाकट्याला बघवलं नाही. ती या घरात आली तेव्हा तो शाळेत होता, आणि गणितात नापास झाल्याचं आईच्या आधी तिला सांगत असे. त्यामुळे विचार करण्याआधीच त्याचं तोंड उघडलं. "मी ऐकवतो वहिनीला. शेवटच्या रांगेत. एकेक शब्द."

थोरल्याने लगेच त्याला त्या शब्दात पकडलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चाचणी घ्यायची. ज्याने गाणं आधी ऐकलेलं नाही असं कुणीतरी शेवटच्या रांगेत बसवायचं. त्याला ओळी कळल्या तर वहिनी गाणार, नाही कळल्या तर जुना आवाज लागणार. म्हणजे वहिनी बँडमध्ये उरणार की नाही, ते आता धाकट्याच्या हातात आलं. ही मोठी बढाई मारून तो बाहेर आला आणि ओसरीवर डोकं धरून बसला.

कारण माईक हा मोठा खादाड प्राणी आहे. समोरच्याचा आवाज तो खातोच, पण शेजाऱ्याचाही खातो, भिंतीवर आपटून आलेलाही खातो, आणि स्पीकरमधून बाहेर पडलेला स्वतःचाच आवाज पुन्हा गिळायला लागला की कान फाडणारी शिट्टी मारतो. स्टेजवर असे डझनभर खादाड. वहिनीचा बारीक आवाज वर न्यावा, तर तो शब्द व्हायच्या आत शिट्टी व्हायची. धाकट्याने माईक बदलून पाहिले, स्पीकर फिरवून पाहिले. थोरला दर वेळी म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं." नेमकं कुणाबद्दल म्हणायचा, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मग एका दुपारी धाकट्याने कान बाजूला ठेवले आणि डोळे वापरले. वहिनी गात होती, आणि सॅक्सोफोनवाला हात खिशात घालून खिडकीबाहेर बघत होता. त्याचा माईक सताड उघडा! गिटारवाला तार पिळत होता, त्याचाही उघडा. हळू कडव्यात थोरला काठ्या मांडीवर ठेवून बसला होता, आणि ड्रम्सवरचे सगळेच्या सगळे माईक जागे. जो वाजत नाही त्याचा माईक मिटला, तर तेवढी जागा वहिनीच्या आवाजाला मिळणार होती. इतकी साधी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कशी दिसली नाही, म्हणून त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

बोटांनी ते जमेना. मिक्सरचा डबा स्टेजवर असायचा आणि धाकटा हॉलच्या मागे बसून मांडीवरच्या टॅबलेटवरून तो चालवायचा. निव्वळ उंटावरून शेळ्या हाकणं. वहिनीचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी शिट्टीच्या काठावर धरून ठेवण्यात त्याचा एक हात पुरता अडकायचा, आणि दुसऱ्या हाताने म्यूट दाबेपर्यंत कडवं निघून गेलेलं असायचं.

म्हणून त्याने मिडीचा रस्ता धरला. मिडी म्हणजे आवाज नव्हे, निरोप. अमुक सूर दाबला, इतक्या जोरात दाबला, एवढंच ती वायर सांगते. त्या निरोपाचं काय करायचं ते ऐकणाऱ्या यंत्राने ठरवायचं. वाद्याने ऐकला तर सूर वाजतो. धाकट्याच्या मिक्सरने ऐकला तर माईक मिटतो किंवा उघडतो. जोराचा निरोप आला की बंद, हलका आला की उघडा. हे सगळं मिक्सरच्या पुस्तिकेत छापलेलं होतं, आणि घरात पुस्तिका वाचणारा तो एकटाच होता. त्याने म्यूटचे दोन गट केले, एक वहिनीचा आणि एक बाकी सगळ्यांचा. मग प्रत्येक गाण्याचं माप, म्हणजे ठोक्यांचा हिशेब, कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि कुठल्या ठोक्याला कोण मिटायचं ते बसवून टाकलं.

पहिल्यांदा ते चाललं तेव्हा टॅबलेटवर लाल-हिरवे दिवे आपोआप लागायला आणि विझायला लागले. गिटारवाला म्हणाला, "भुताटकी आहे ही." धाकटा दोन इंच उंच झाला. मग वहिनी गायला उभी राहिली, आणि ओळ संपायच्या आत तिने हात वर करून गाणं थांबवलं.

"भावजी, माझा श्वास कुठे गेला?"

धाकटा घाबरून उठला. त्याला वाटलं तिला दम लागला.

"मला काही झालं नाही हो. बसा. गाण्यातला श्वास म्हणतेय मी. गाणं शब्दापासून सुरू होत नाही, श्वासापासून होतं. तुमचं यंत्र नेमकं शब्दाला उघडतं. माझं गाणं कुणीतरी कात्रीने कापून चिकटवल्यासारखं येतंय."

खरंच तसं येत होतं. धाकट्याने माईक आधी उघडायला लावला, तर मधल्या शांततेत शिट्टी घुसली. त्यातून ऑपरेशननंतर वहिनीला कधी ओळीच्या मध्येच श्वास लागायचा, कधी लागायचा नाही. कॉम्प्युटर तिच्यासाठी थांबत नव्हता. ती उशिरा पोचली की तिचं शेवटचं अक्षर तो खुशाल चिरडून पुढे जायचा. सारखं थांबून, पुन्हा सुरू करून सगळ्यांची डोकी फिरली, आणि शेवटी धाकट्यानेच तोल सोडला.

"वहिनी, तू जरा मापात गा ना!"

बोलून गेल्यावर त्याला जीभ हासडून द्यावीशी वाटली.

"मापात गायला ती काय शिवणाचं मशीन आहे?" आई कीबोर्डमागून कडाडली. "आणि तू रे, माप माप काय करतोस? दुसऱ्या ओळीआधी ती डावा खांदा उचलते. तिसरीला मान माझ्याकडे वळवते, मगच श्वास घेते. घसा दुखत असला की अंगठा मुठीत धरते, आणि तेव्हा मध्ये एक जास्तीचा श्वास लागतोच तिला. दिसत नाही तुला?"

कुणालाच दिसत नव्हतं. आईला दिसत होतं, कारण लग्न होऊन आल्या दिवसापासून तिने सुनेचे श्वास मोजले होते. मोठ्याने घेतलास, उशिरा घेतलास, चुकीच्या जागी घेतलास, असं म्हणून म्हणून तिने सुनेला रडकुंडीला आणलं होतं. पाण्यात पाहते ही आपल्याला, असं वहिनीने एकदा धाकट्यापाशी बोलूनही दाखवलं होतं. आता त्या पाण्यात पाहण्याचा उपयोग होता.

धाकटा आईकडे बघत राहिला, मग तिच्या हातांकडे. निरोप पाठवणारं यंत्र तर तिच्या बोटांखालीच होतं! कीबोर्डच्या डाव्या टोकाचे सगळ्यात खालचे सूर ती कधी वाजवतच नसे. त्यांचा आवाज काढून टाकला आणि फक्त निरोप ठेवला, तर उजव्या हाताने गाणं आणि डाव्या हाताने माईक. कॉम्प्युटरची गरजच नाही. एक सूर वहिनीचा, एक बाकी सगळ्यांचा, आणि अगदी टोकाचा तिच्या स्वतःच्या कीबोर्डचा.

त्याने हे समजावून सांगितलं तेव्हा बासवाल्याने पहिला टोला हाणला. "म्हणजे सुनेचं तोंड बंद करायचं बटण सासूच्या हातात?"

"चार दिवस सासूचे," गिटारवाला म्हणाला. सगळे हसले. वहिनी हसली नाही.

"आई," ती म्हणाली, "मी गाऊ नये असंच तुम्हाला वाटतं ना? मग उघडाल?"

आईने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. "तुझं हसं होऊ नये असं मला वाटतं. गाऊ नये असं मी कधी म्हटलं? तू श्वास घे. उघडायचं माझ्याकडे लागलं."

गाडी रुळावर आली असं धाकट्याला वाटलं, पण आईची बोटं राहिली होती. शाळेतल्या जड पेटीवर आणि जड पियानोवर घडलेली बोटं ती. उघडायला हलकं दाबायचं, तर आई सूर असा दाबायची की जणू वर्गातला गोंधळ थांबवतेय. वहिनीने श्वास घेतला की नेमका तिचा माईक बंद!

"हळू, आई."

"हळूच दाबतेय."

"हे हळू नाही."

"तू जन्मायच्या आधीपासून मी असंच हळू दाबते."

शेवटी दोघींनी ते आपापसातच सोडवलं. सकाळी वहिनी मटार सोलत गुणगुणायची आणि आई समोर बसून टेबलावर बोट टेकवायची. जोरात टेकवलं की वहिनी मटाराचा दाणा फेकून मारायची. एकदा धाकटा आत आला तर आईच्या केसांत चार दाणे आणि दोघी हसून लोटपोट. या दोन बायकांना एकत्र हसताना त्याने त्याआधी कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना.

चाचणीच्या सकाळी थोरल्याने दारावर तिकिटं फाडणाऱ्या बाईंना विनंती करून शेवटच्या रांगेत बसवलं. बाई पायावर पाय टाकून बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली, कुणी नोकरीची मुलाखत घ्यावी तशा. ड्रम्स वाजले, सॅक्सोफोन वाजला, सगळं दणाणून उठलं आणि मग ते हळू कडवं आलं. धाकट्याने टॅबलेट डोळ्यांसमोर धरला. वहिनीचा डावा खांदा हलला. पडद्यावर बाकी सगळे दिवे लाल झाले, तिचा आणि आईच्या कीबोर्डचा तेवढा हिरवा. श्वास ऐकू आला, आणि श्वासामागून ओळ.

गाणं संपल्यावर थोरला हॉलभर चालत मागे आला. "काय ऐकलंत, बाई?"

"मी दिवा लावला नाही, तरी तू वाट चुकला नाहीस," बाई म्हणाल्या. "पुढचं पण सांगू? आणि अहो, त्या बाईंना म्हणावं, कोण चुकलं नाही ते कळलं, पण आला का शेवटी?"

"आला," थोरला म्हणाला. "यायलाच पाहिजे." वहिनी गाणार हे ठरलं. तरीही त्याने लॅपटॉप ड्रम्सशेजारी मांडलाच, जुना आवाज तयार ठेवून. असू दे वेळेला, म्हणाला. वहिनीने ते पाहिलं आणि स्वतःचा माईक स्टँडवर घट्ट बसवला.

संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या रांगांत जुने चाहते होते आणि त्यांच्या कपाळावर काळजी स्पष्ट दिसत होती. पहिल्या गाण्याला त्यांनी कान टवकारले. दुसऱ्याला ते मागे रेलून बसले. आई उजव्या हाताने वाजवत होती, डाव्या हाताने उघडत-मिटत होती, आणि डोळे सुनेच्या खांद्यावरून हलत नव्हते. धाकट्याला मागे बसून शीळ घालावीशी वाटत होती.

शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात वहिनीचा आवाज फाटला. ओळ अर्ध्यावर होती आणि आत काहीतरी अडकल्यासारखा कर्र आवाज आला, मग काहीच नाही. वहिनीचा अंगठा मुठीत गेला. तिने तोंड उघडलं, आवाज आला नाही.

थोरल्याचा हात लॅपटॉपकडे गेला. धाकट्याला मागून दिसत होतं, पण ओरडून उपयोग नव्हता. आईच्या डाव्या हाताचं बोट कुठे होतं तेही त्याला माहीत होतं, वहिनीच्या सुरावर. एकदा जोरात दाबलं की संपलं. लोकांना वाटलं असतं माईक बिघडला. शिव्या यंत्राला मिळाल्या असत्या, धाकट्याला मिळाल्या असत्या, आणि सुनेचं हसं झालं नसतं. आईला जे वाचवायचं होतं ते एका बोटाने वाचत होतं.

पडद्यावर दिवे लाल झाले. ड्रम्सचे. गिटारचा. बासचा. सॅक्सोफोनचा. लॅपटॉपचासुद्धा, कारण तोही बाकी सगळ्यांच्या गटातच होता. थोरल्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि जुना आवाज कुठेच वाजला नाही. मग टोकाच्या सुराने आईचा स्वतःचा कीबोर्डही लाल झाला. धाकटा शेवटच्या, वहिनीच्या दिव्याकडे बघत होता. तो हिरवाच राहिला. समोर स्टेजवर आईने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

अख्ख्या हॉलमध्ये एकच माईक उघडा होता. मग धाकट्याला कळलं की आईने त्याला काय दिलंय. कधी नव्हे एवढी जागा. त्याने वहिनीची पट्टी वर सरकवली, जिथे आजवर न्यायची छाती झाली नव्हती तिथे नेली, आणि त्याच्याही वर. शिट्टी आली नाही. आला तो वहिनीचा श्वास, लांब, खरखरीत, मध्ये एकदा तुटलेला. पुढच्या रांगेत आला तसाच शेवटच्या रांगेत आला. तिकिटं फाडणाऱ्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी छातीवर हात ठेवला.

आणि त्या श्वासातून वहिनी उठली. अडकली होती तीच ओळ तिने घेतली, पहिल्या शब्दापासून, कुणाच्याही साथीशिवाय. घाई केली नाही. सूर बारीक होता, खरखरीत होता, आणि हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दुसरं काही नव्हतं. तिने ओळ संपवली, पुढची घेतली, शेवटचीही घेतली, आणि शेवटचा सूर तिला हवा तितका वेळ धरून मग स्वतःच्या मर्जीने सोडला. धाकटा रडत होता आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटत नव्हती.

लोक उठले. टाळ्या अशा पडल्या की गाद्या ठोकलेल्या भिंती असत्या तरी गदगदल्या असत्या. वहिनी वळली आणि नवऱ्याकडे न जाता आईकडे गेली. आईने उभं राहून तिला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं, मग तिला लोकांकडे वळवलं आणि स्वतःही जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली.

थोरल्याने त्याचा स्वतःचा माईक हातात घेतला. यजमान माणूस तो, आभार मानल्याशिवाय राहतो थोडाच. तो बोलला, हात हलवले, छातीवर हात ठेवला, बायकोकडे बोट दाखवलं, डोळे पुसले आणि पुन्हा बोलला. त्यातलं अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. बाकी सगळे माईक अजून बंदच होते. उघडायला एक हलकं बोट पुरलं असतं, पण आईचे दोन्ही हात टाळ्यांत गुंतले होते.

टॅबलेट धाकट्याच्या मांडीवरच होता. तोही उघडू शकला असता. पण त्याचेही हात मोकळे नव्हते.